रानाचा हिशेब आपल्या हाती



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्या कामाचं नाही. विषय आहे सॉफ्टवेअरचा. जंगल, पाणी आणि माती राखायचं जे काम आपली ग्रामसभा आणि आपले गट करतात, त्या कामाचं नियोजन आणि हिशेब मोबाइलवर कसा बसवायचा, ते आज सांगणार आहोत. शब्द मोठा आहे, काम तेवढं मोठं नाही. जिने बचत गटाची वही एक वर्ष नीट लिहिली, तिला यातलं निम्मं आधीच येतं.

आम्ही त्र्यंबकेश्वर आणि पेठ या बाजूच्या पाड्यांवरच्या बाया. आमच्याकडे आषाढ-श्रावणात घराबाहेर पाऊल टाकवत नाही एवढा पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की हंडा घेऊन दरीत उतरावं लागतं. सिन्नर, येवला, चांदवडकडच्या बहिणींकडे मुळात पाऊसच कमी. पण काम दोन्हीकडे सारखंच. झाडं लावा, चर खणा, बंधारा घाला, वणवा विझवा. यातलं बरंचसं बायांच्याच हातून होतं. मात्र कोणी विचारलं, “गेल्या साली लावलेली किती रोपं जगली?” तर एक म्हणते निम्मी, दुसरी म्हणते बरीच. वहीत बघावं म्हटलं, तर वही ज्याच्या घरी तो द्राक्षाच्या कामाला खाली गेलेला.

यात आपलं नुकसान दोन प्रकारे होतं. एक तर मेहनत वाया जाते, कारण जिथे रोपं मेली तिथेच पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच रोपं लावली जातात. आणि दुसरं म्हणजे, काम आपण केलं तरी कागदावर आपण कुठेच नसतो. ज्याच्याकडे नोंद, त्याचं काम, असंच धरलं जातं.

तसं सॉफ्टवेअर आपल्याकडे कधीच पोचलेलं आहे. नाबार्डने बचत गटांचे हिशेब संगणकावर आणायला २०१५ साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातून पहिले दोनच जिल्हे घेतले होते. एक झारखंडमधला रामगढ आणि दुसरा आपल्या शेजारचा धुळे. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून ॲपवर टाकावा लागतो, ते जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांना लागू झालं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जलदूत नावाचं ॲप आणलं. त्यात गावातल्या ठरावीक विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर भरतात.

ही ॲपं आपापल्या जागी ठीक आहेत. पण त्यांत एक गोष्ट सारखी आहे. माहिती आपल्याकडून वर जाते. त्या माहितीवर बसून निर्णय वर होतात. आज आम्ही ज्याबद्दल बोलतोय ते उलट्या दिशेचं आहे. माहिती गावाची, ती गावात राहणार, आणि तिच्यावरून पुढच्या महिन्याचं काम गावच ठरवणार.

जगभर जंगल आणि जनावरं राखणाऱ्या संस्थांनाही हीच अडचण होती. पैसा येतो, काम होतं, पण उपयोग झाला की नाही ते कळत नाही. म्हणून अशा काही संस्थांनी एकत्र बसून २००४ साली संवर्धनाच्या कामाची एक सामाईक पद्धत लिहून काढली. त्या पद्धतीवर पुढे एक सॉफ्टवेअर बनलं. त्याचं नाव मिराडी. हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ प्रकल्प. ते सॉफ्टवेअर इंग्रजीतलं आहे, ते आपण घ्यायलाच हवं असं नाही. पण त्याची रीत घेण्यासारखी आहे. ते पहिल्यांदा कामांची यादी मागत नाही. पहिल्यांदा विचारतं, तुम्हाला राखायचं काय आहे? मग विचारतं, त्याला धोका कशाचा? मग, तो धोका का आहे? आणि शेवटी विचारतं, तुम्ही काय करणार आणि उपयोग झाला हे कशावरून ओळखणार?

हे प्रश्न आपल्या रानाला लावून बघू.

राखायचं काय? समजा, पाड्याच्या वरचं ऐन, हिरडा, सादड्याचं रान आणि त्याच्या पायथ्याचा झरा. धोका काय? झाडं वाढत नाहीत, दरवर्षी फांद्या छाटल्या जातात. का छाटल्या जातात? इथे आपल्याला उत्तर ठाऊक आहे, कारण त्या फांद्यांचे भारे आपल्याच डोक्यावरून येतात. भाताची आणि नागलीची रोपं टाकायच्या आधी आपण राब भाजतो. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, मग तिथे बी फेकायचं. म्हणजे फांद्या तुटतात त्या राबासाठी. आता पुढचा प्रश्न. राबाशिवाय रोप तयार होतं का? होतं. गादीवाफा करून, भाताच्या तुसाची राख मिसळून रोप करता येतं. चारसूत्री भातशेतीत ती राख वापरायला सांगितलेलीच आहे.

बघा मैत्रिणींनो, आपण निघालो होतो झाडं लावायला, आणि पोचलो भाताच्या वाफ्यापाशी. रानात आणखी हजार रोपं लावली आणि राबाची तोड तशीच राहिली, तर ती हजार रोपंही चार वर्षांनी राबातच जाणार. तेव्हा यंदाच्या यादीत पहिलं काम हवं ते म्हणजे दहा घरांनी गादीवाफ्यावर रोप करून बघणं. झालं तर रान वाचेल, आणि भाऱ्याची खेपही वाचेल.

वणव्याचंही असंच. वणवा लागतो, तो विझवायला आपण धावतो. पण तो का लागतो? कधी राब भाजताना ठिणगी उडते. कधी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. फुलं वेचायला पाला झाडून काढला, किंवा खाली जुनी लुगडी नाहीतर जाळं अंथरलं, तर पेटवायची गरजच नाही. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो. मग आपली जाळरेषा त्याआधी झाडून व्हायला हवी आणि मोहाच्या झाडांच्या मालकिणींशी बोलणंही त्याआधीच व्हायला हवं.

हा सगळा विचार मोबाइल न उघडता करायचा आहे. आम्ही शिवारफेरी काढली. म्हाताऱ्या आजी, जनावरं राखणारी पोरं, सगळ्यांना बरोबर घेतलं. मग समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत चुन्याने शिवाराचा नकाशा काढला. झऱ्याला निळी बांगडी ठेवली, तोडीच्या जागेला काटकी, वणव्याच्या जागेला कोळसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीच त्यात जास्त भर घातली. तो नकाशा झाल्यावर फोटो काढला आणि मगच फोन हातात घेतला.

आता फोनमधलं काम. सुरुवातीला गूगल शीट पुरतं. ही म्हणजे रेघा मारलेली वहीच, फक्त ती एकाच वेळी पाच जणींना आपापल्या फोनवर दिसते. तिच्यात आम्ही सातच रकाने ठेवले. काम कोणतं. जागा कोणती. जबाबदारी कोणाची. कधी सुरू, कधी संपणार. खर्च किती आणि कुठून. आत्ता काम कुठवर आलं. आणि शेवटचा रकाना, उपयोग झाला हे कशावरून ओळखायचं. रकाने वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. जो रकाना तीन महिने रिकामा राहिला, तो काढून टाका.

जागेचं नाव आपण बोलतो तेच लिहायचं. “वरची माळी”, “म्हसोबाचा ओहळ”, असंच. सर्वे नंबर बाजूला लिहा, पण नाव बदलू नका. नाहीतर पुढच्या वर्षी आपल्यालाच कळणार नाही की हे कुठलं. मराठीत टंकायला जमत नसेल तर कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. आमच्यातल्या काही जणी अशाच नोंदी करतात.

जबाबदारीच्या रकान्यात “महिला मंडळ” असं लिहू नका. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. दोन बायांची नावं लिहा. एक आजारी पडली, माहेरी गेली, तर दुसरी आहे.

कामांची वेळ आपल्या ऋतूप्रमाणे टाका. योजनेचं वर्ष मार्चला संपतं, पण झऱ्याचं वर्ष मार्चला संपत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा. एप्रिल-मेमध्ये खड्डे आणि चर. पाऊस लागला की लावणी. पाऊस ओसरला आणि ओहळ अजून वाहतोय, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून वनराई बंधारा. शीटमध्ये तारीख टाकली की फोनच्या कॅलेंडरमध्येही तीच टाकून ठेवा, तो आदल्या दिवशी आठवण करतो.

रानात रेंज नसते, तिथे काय करायचं? त्यासाठी कोबो कलेक्ट नावाचं एक ॲप आहे. छोट्या कामाला ते मोफत पुरतं. त्यात आपले प्रश्न आपणच मराठीत तयार करायचे. तारीख, जागा, किती रोपं जिवंत, फोटो. रानात नेट नसताना माहिती भरायची, ती फोनमध्ये साठून राहते. रस्त्याला येऊन रेंज मिळाली की पाठवायची. प्रश्नांची यादी तयार करायला कॉलेजात जाणारी एखादी मुलगी मदतीला घ्या. एका दुपारचं काम आहे. प्रश्न पाच-सहाच ठेवा.

आता मोजायचं कसं, ते सांगतो. याला फार शिक्षण लागत नाही.

झऱ्याचं पाणी मोजायला १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. धार बादलीत घ्या आणि भरायला किती वेळ लागला ते बघा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर पाणी आहे. तीच बादली मे महिन्यात भरायला २ मिनिटं लागली, तर मिनिटाला ५ लिटर. दर महिन्याला एकाच जागी, सकाळच्याच वेळी, त्याच बादलीने मोजा. तीन-चार वर्षांचे आकडे एकाखाली एक आले की वरच्या चरांचा उपयोग झाला का, ते दिसायला लागतं. मात्र त्या सालचा पाऊसही शेजारी लिहा. पाऊस जास्त पडला म्हणून पाणी वाढलं असेल, तर त्याचं श्रेय चराला देऊन चालणार नाही.

रोपं दोनदा मोजा. एकदा दिवाळीच्या सुमाराला आणि एकदा उन्हाळा काढल्यावर, पाऊस लागायच्या आधी. समजा ५०० रोपं लावली, दिवाळीला ४३० होती आणि जूनला २६० उरली. म्हणजे १७० रोपं उन्हाळ्यात गेली. याचा अर्थ रोप वाईट नव्हतं, लावणीही बरी होती. पाणी नाहीतर गुरं, यांपैकी काहीतरी आड आलं. उलट दिवाळीलाच २६० राहिली असती, तर दोष रोपात किंवा खड्ड्यात शोधला असता. नुसतं “२६० जगली” एवढ्यावरून हे कळलं नसतं. सगळी मोजायला वेळ नसेल तर दर पाचवी ओळ मोजा आणि पाचाने गुणा. पण चांगल्या ओळी निवडून मोजू नका. आकडा कमी आला म्हणून लपवायचाही नाही, कारण हा आकडा साहेबाला दाखवायला नाही, आपल्याला शहाणं व्हायला आहे.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. चावी कोणाकडे?

आपल्या गटाची पैशाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. इथेही तसंच करा. खातं गटाच्या नावाने काढा, कुणाच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या ईमेलवर नको. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा. बऱ्याच घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो दिवसभर घरधन्याबरोबर बाहेर असतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ग्रामसंघाच्या पैशातून एक साधा स्मार्टफोन या कामासाठी घेता आला तर बघा. नाही जमलं, तर आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी एखादीचा फोन दोन तास या कामाला.

शीटमध्ये कोणी नुसतं बघायचं आणि कोणी बदल करायचा, हे वेगवेगळं ठरवता येतं. बघू सगळ्यांना द्या. सरपंच, ग्रामसेवक, वनरक्षक, सगळ्यांना. बदल मात्र तीन-चार जणींनीच करायचा. कोणी कधी काय बदललं, हेही शीटमध्ये मागे जाऊन बघता येतं. त्यामुळे भांडणाला जागा राहत नाही.

दर महिन्याला शीटची एक प्रत छापून पंचायतीच्या भिंतीवर लावा. फोन बिघडतो, हरवतो, पोरं त्यात खेळ भरून ठेवतात. भिंतीवरचा कागद सगळ्यांना दिसतो. आणि ग्रामसभेत तो मोठ्याने वाचा, म्हणजे न वाचता येणाऱ्या आजीलाही कळेल की तिने दाखवलेल्या झऱ्याचं काय झालं.

काही गोष्टी मात्र या शीटमध्ये लिहायच्या नाहीत. कोणाचा आधार नंबर, बँकेचा नंबर लिहू नका. आणि दुर्मीळ वनस्पतीची, औषधी कंदाची, आग्या मोहोळाची नेमकी जागा उघड्या शीटमध्ये टाकू नका. आपल्याच तालुक्यात अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिला त्या डोंगराचंच नाव मिळालंय, इतकी ती थोड्या जागेत उरली आहे. अशा झाडाचा पत्ता चुकीच्या हाती गेला तर एका फेरीत ते संपेल. ती नोंद वेगळ्या वहीत, कुलपात.

आता कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? मैत्रिणींनो, हा खटाटोप हक्कासाठी आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिला. २०१२ च्या सुधारित नियमांत असं आहे की जंगल राखायला ग्रामसभेने समिती नेमायची आणि त्या समितीने जंगलाचा संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा तयार करायचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला. ते गाव त्याआधी कितीतरी वर्षं अभ्यासगट करून, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत आलं होतं. आपल्या जवळचं साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. तिथल्या लोकांनी तीसहून जास्त वर्षं रान राखलं, नियम केले, दंड ठेवले. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते आणि बाया रानातल्या भाज्या ओळखून, रांधून आणतात. ते नुसतं जेवण नसतं. कोणती भाजी कुठे, कधी, किती उरली, याची ती गावाने घेतलेली मोजदाद असते. कर्टुलं, शेवळं, कुरडू, बांबूचे कोंब, हे आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्या साहेबाला ठाऊक आहे?

म्हणूनच कायद्याने आपल्याला जागा ठेवली आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याच्या २००४ च्या नियमांत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतही किमान एक तृतीयांश बाया नेमायला सांगितलं होतं. लोकजैवविविधता नोंदवही करायचं काम याच समितीचं आहे. पण खुर्चीवर बसून सही करणं वेगळं आणि आकडे हातात घेऊन बोलणं वेगळं. “वरच्या रानात गुरं घालू नका” असं आपण नुसतं म्हटलं, तर मीटिंगमध्ये हसण्यावारी जातं. “दिवाळी ते जून या काळात १७० रोपं गेली, त्यातली बहुतेक पायवाटेच्या बाजूची आहेत, हे फोटो” असं म्हटलं की सगळे कागदाकडे बघतात.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. राखायची एकच गोष्ट निवडा, एक झरा किंवा रानाचा एक तुकडा. तिला धोका कशाचा आणि तो का, हे सगळ्यांना विचारा, आणि “का” हा प्रश्न तीनदा विचारा. दोघींची नावं ठरवा. बादली आणि घड्याळ घेऊन झऱ्यावर जा आणि पहिला आकडा वहीत लिहा, तारखेसकट. महिनाभराने दुसरा आकडा आला की मग शीट उघडा. शीट उघडायला उमेदच्या प्रेरिका ताई किंवा गावातली शिकणारी मुलगी मदत करील.

तुमच्या झऱ्याचा पहिला आकडा आम्हालाही कळवा, केंद्रावर निरोप द्या. पावसाळ्यानंतर पुन्हा बोलू, तेव्हा आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू.